माळवदाच्या घराला टाके घाला

लातूर-धाराशिवकडे जो तो जुनं माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं घर पाडायला निघालाय. कारण तुम्हाला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ची ती भूकंपाची पहाट, आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. आठ हजारांच्या आसपास माणसं आपल्याच घराच्या दगडमातीखाली गेली. तेव्हापासून दगडी भिंत म्हटली की पोटात गोळा येतो. ती भीती खरी आहे. पण सगळा दोष दगडाच्या माथी मारलेला मला पटत नाही.

ती भिंत आठवा. दोन-अडीच फूट जाड, तरी एकजीव नाही. बाहेरून दगडांचा एक पदर, आतून दुसरा, मध्ये खांडक्या आणि माती. ही गोधडीच की! गोधडीला टाकेच घातले नाहीत तर आतल्या चिंध्या खाली गोळा होतात, पदर फुगतो आणि उसवतो. हादऱ्यात भिंतीचं तेच झालं. तिचा टाका म्हणजे दोन्ही पदरांना धरणारा आरपार लांब दगड. उंचीत दर दोन फुटांवर, लांबीत दर चार फुटांवर एक. तोच नव्हता.

त्यात डोक्यावर माळवद. गळायला लागलं की उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा नवा थर, जुना मात्र कुणी काढत नाही. आजोबांपासून चढत चढत तो दीड-दोन फुटांवर जातो. खांब-तुळयांनी पेलायचं तरी किती? अहो, ती माती उतरवा! खाली प्लास्टिकचा कागद अंथरून वर वीतभर ठेवली तरी पुरते. माळवद पाडून पत्रे टाकता आणि मग एप्रिलात उकाड्यानं ओसरीवर बसवत नाही म्हणता.

मग टाके. पुन्हा सांगतो, टाके. उभ्या भिंतीलाही ते घालता येतात. आधी ओळंबा सोडून फुगवटा बघा. मग हलक्या हातानं, घणाचे घाव न घालता एखादा दगड काढा, मधली माती कोरत पलीकडच्या पदरापर्यंत भोक न्या, गजाचा आकडा घाला आणि काँक्रीट भरा. तो टाका घट्ट झाला की पुढचा.

दारं-खिडक्यांवरून घरभर फिरवायच्या पट्ट्याबद्दल, कोपऱ्यांच्या जोडाबद्दल बोलायचं राहिलंच; वेळ संपत आलीय. एवढं मात्र ऐका: माती उतरवताना खणाखणानं, सगळीकडून सारखी उतरवा. एकाच तुळईवर ढीग घालू नका, आणि त्या वेळी खाली कुणाला निजू देऊ नका.