लाडू का मेला? गोल्डफिश, अमोनिया आणि माझी रविवारची चूक

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच जवळजवळ ठेवलंय.)

कुणी बसमध्ये असाल, कुणी भांडी घासता घासता ऐकत असाल. आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू टिप्स नाहीत. आज बोलायचंय एका माशाबद्दल. त्याचं नाव लाडू. तो आता नाहीये आणि तो माझ्यामुळे गेला. थांबा, भाग बंद करू नका. तुमच्या घरी गोल्डफिश असेल किंवा आणायचा विचार असेल, तर पुढची दहा मिनिटं कामाची आहेत.

मागच्या मे महिन्यात ताई आणि माझी भाची सुट्टीला माझ्याकडे पुण्यात आल्या होत्या. भाची सहा वर्षांची. तिच्यासाठी मी दोन गोल्डफिश आणले, लाडू आणि चकली. सोबत काचेचा गोल बाऊल, खाली रंगीत खडे. बाऊलमध्ये पाणी किती? फार तर पाच लिटर. दुकानदार म्हणाला, "दर रविवारी पाणी बदला, बस." मी आज्ञाधारक माणूस. दर रविवारी सगळं पाणी ओतून द्यायचो, खडे घासून लख्ख करायचो आणि थेट नळाचं पाणी भरायचो. बाऊल असा चमकायचा की काय सांगू!

तिसऱ्या आठवड्यात दोन्ही मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासायला लागले. आम्हाला वाटलं भूक लागलीय. भाचीने शुक्रवारी लाडाने अर्धं बिस्किट टाकलं. रविवारी सकाळी लाडू आडवा तरंगत होता.

भाचीने विचारलं, "मामा, मी बिस्किट दिलं म्हणून मेला ना?"

मी काहीच बोललो नाही. खरं तर मला माहीतच नव्हतं. पण 'नाही' म्हणायला काय हरकत होती? या प्रश्नाकडे मी शेवटी परत येतो.

बाऊलमध्ये नेमकं काय चाललं होतं?

चकली अजून जिवंत होती. म्हणून दुसऱ्या दिवशी पाणी तपासायचं किट आणलं. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बघायचा. माझ्या किटमध्ये पिवळा रंग म्हणजे अमोनिया शून्य, आणि जितका हिरवा तितका धोका. माझी नळी गडद हिरवी झाली. तक्त्यावर आकडा जुळला ४ पीपीएम. असायला हवा शून्य.

आता हे सोपं करून सांगतो. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की आणखी अमोनिया. तो कल्ले जाळतो, म्हणून मासा वर येऊन आ वासतो. आपल्याला वाटतं खायला मागतोय, आपण आणखी खायला घालतो आणि अमोनिया आणखी वाढतो.

निसर्गात यावर सोय आहे. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, कारण त्याने माशाचं रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच कमी घातक असतं. त्याला बाहेर काढायला आपण थोडं थोडं पाणी बदलतो. याला नायट्रोजन सायकल म्हणतात. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते खड्यांवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजवर चिकटून राहतात.

आता माझा रविवार आठवा. फिल्टर नव्हताच. खड्यांवर जे थोडेफार जिवाणू जमले असतील, ते मी घासून टाकत होतो, वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. आपल्या भाषेत सांगायचं तर दर रविवारी मी प्रॉडक्शनचा डेटाबेस उडवत होतो आणि सोमवारी विचारत होतो, सिस्टिम का चालत नाहीये! त्यात पाणी गरम असेल आणि पीएच जास्त असेल, तर अमोनियाचा विषारी भाग वाढतो. पुण्याचा मे महिना, पाणी ३० अंशांवर. बिस्किटाने भर घातली असेल, पण अर्ध्या बिस्किटाच्या आधीच दोन आठवडे गोष्ट बिघडलेली होती.

चकली कशी वाचली

त्याच संध्याकाळी ६० लिटरचा प्लास्टिकचा टब आणला. नवा, साबण न लागलेला. एक साधा स्पंज फिल्टर, एक एअर पंप. दिसायला अगदी बाथरूममधला टब, पण माशाला दिसण्याशी काय घेणं?

मग रोज दोन कामं. ऑफिसला जायच्या आधी पाणी तपासायचं आणि पाव टब पाणी बदलायचं. नवं पाणी घालण्याआधी त्यात अँटी-क्लोरीन. काही जण पाणी एक दिवस उघडं ठेवतात. त्याने साधं क्लोरीन उडून जातं, पण पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते जात नाही. म्हणून अँटी-क्लोरीनचे थेंब बरे. आणि एक गोष्ट खास सोसायटीवाल्यांसाठी. टाकी धुवायची नोटीस लागली की त्या दिवसाचं आणि दुसऱ्या दिवसाचं पाणी माशाला वापरू नका, ब्लीचिंग पावडर उरलेली असू शकते.

सगळे आकडे मी एका शीटमध्ये लिहिले. आधी अमोनिया उतरला, मग तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट चढलं, मग तेही उतरलं. ३८व्या दिवशी दोन्ही शून्य. चार ते सहा आठवडे हा साधारण लागणारा वेळ आहे. मासा आणण्याआधीच टाकी अशी तयार केली, तर माशाला हा त्रास सोसावाच लागत नाही. योग्य क्रम तोच.

मध्ये एकदा दुपारी लाइट गेली, चार तास. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि पंप बंद पडला की मासाही गुदमरतो आणि फिल्टरमधले जिवाणूही. मग मी मगने पाणी उंचावरून टबात ओतत बसलो, लाइट येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेतला. उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर टेबल फॅनचा वारा सोडला तरी तापमान दोन-तीन अंश उतरतं. बर्फ मात्र थेट टाकू नका, तापमान एकदम पडलं तर तोही धक्काच.

किती मोठी टाकी?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. गोल्डफिश बाजारात मिळतो तेव्हा बोटाएवढा असतो. पण तो पिल्लू असतो, मंडळी! गोल पोटाचे, फुलणाऱ्या शेपटीचे फॅन्सी प्रकार १५ ते २० सेंटिमीटर होतात, लांबट साधा गोल्डफिश त्याहून मोठा. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. ब्रिटनमधला टिश नावाचा गोल्डफिश ४३ वर्षं जगला होता. तुमचं होम लोन फिटेल, मासा तिथेच असेल.

म्हणून एका फॅन्सी माशाला किमान ७५ लिटर, पुढच्या प्रत्येकाला आणखी ४० लिटर धरा. हिशोब सोपा आहे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि हजाराने भागा. ६० बाय ३० बाय ३० ची दोन फुटी टाकी म्हणजे फक्त ५४ लिटर. चकलीसाठी मी ९० बाय ३८ बाय ३८ ची घेतली, साधारण १३० लिटर. नुसतं पाणीच १३० किलो, तेव्हा स्टँड मजबूत हवा. टीव्हीच्या युनिटवर ठेवू नका. आणि गोल बाऊल? इटलीत रोम शहराने २००५ मध्ये गोल्डफिश असा ठेवायला बंदीच घातली.

रोजचं वेळापत्रक

खाणं: दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एक-दोनदा. गोल्डफिशला खरं पोटच नसतं, अन्न सरळ लांब आतड्यात जातं. त्यामुळे त्याला सतत भूक लागल्यासारखं वाटतं. फसू नका. बुडणारे दाणे बरे. आठवड्यातून एकदा उकडून, साल काढून मटाराचा दाणा द्या. बिस्किट, पाव, भात नको.

पाणी: दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश. सगळं कधीच नाही. नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली ठेवा.

फिल्टर: स्पंज नळाखाली धुवू नका. टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा, झालं.

सोबती: फायटर नको, एंजल नको. गोल्डफिशला थंड पाणी आवडतं, त्यांना उबदार. नवा मासा आणला तर तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवून मगच सोडा.

औषध: मासा सुस्त दिसला की आधी पाणी तपासा, मग औषधाचा विचार करा. ते निळं औषध उगाच टाकीत ओतलं तर फिल्टरमधले जिवाणूही मरतात.

आणि कंटाळा आला म्हणून तलावात किंवा नदीत सोडू नका. तो इथला मासा नाही, तिथल्या माशांच्या तोंडचा घास काढतो. कुणाला तरी सांभाळायला द्या.

आता तो प्रश्न

भाची साताऱ्याला परत गेली. आठवड्याने ताईचा फोन आला. "अरे, ही बिस्किटाला हातच लावत नाहीये. काय झालंय तिला?"

मला एका सेकंदात कळलं. हिरव्या नळीनंतर मला उत्तर माहीत होतं, आणि तरी मी ते तिला सांगितलं नव्हतं. का? कारण सांगितलं असतं तर मामा चुकला हे सांगावं लागलं असतं. सहा वर्षांच्या पोरीवर ते ओझं टाकून मी मोकळा झालो होतो.

त्याच रात्री व्हिडिओ कॉल केला. तिला दोन्ही नळ्या दाखवल्या, जुना फोटो हिरवा, आजची पिवळी. म्हटलं, "लाडू बिस्किटाने नाही मेला. मामाने घर लहान आणलं, आणि रोज साफ करतोय असं समजून त्याचं पाणी बिघडवलं. चूक माझी."

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "चकलीला सॉरी म्हटलास का?"

म्हटलं, नाही.

"मग म्हण ना."

फोन हातात धरून मी टबासमोर बसलो आणि म्हटलं. आता दर रविवारी तिचा फोन येतो. नळीचा रंग मी दाखवतो, नोंद ती तिच्या वहीत करते.

तर मंडळी, तुमच्या घरात एखादा बाऊल असेल तर आज एवढंच करा, पाणी तपासा. रंग काय आला ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!