ओहोटीची वेळ
(घोडपदेव येथील महिला मेळाव्यातील भाषण)



घोडपदेवहून शिवडीची खाडी जवळच. १९९०च्या दशकापासून तिथे हिवाळ्यात हजारो छोटे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येऊ लागले. जगात संकटाच्या उंबरठ्यावर असलेली ही जात. ती पाहायला लांबून पक्षीनिरीक्षक येतात. आपल्या वस्तीतल्या बायकांनी मात्र ती पाहिलीच नव्हती.

का? ओहोटीला चिखल उघडा पडतो, तिथे हे पक्षी चरतात. भरती चढू लागली की काठाजवळ येतात, चिखल बुडाला की उडून जातात. ही वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. आपल्या नळाची, डब्यांची वेळ सरकत नाही.

आम्ही बाराजणी निघालो. पहिल्यांदा पाणी भरण्यात उशीर झाला. पोचलो तर सगळीकडे नुसतं पाणी. पुढच्या खेपेला चौघींच्या घरी नवऱ्यांनी स्वयंपाक केला. मग दिसले, चोच उलटी धरून चिखल गाळणारे गुलाबी थवे! एक मावशी म्हणाल्या, "चाळीस वर्षांत आज पहिल्यांदा कामाशिवाय तासभर उभी राहिले."

२०१५ साली ठाणे खाडीत रोहितांसाठी अभयारण्य झालं, चांगलंच झालं. पण बाईचा मोकळा तास कोण राखणार? विसावा ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. त्याची सुरुवात घरातली कामं वाटून घेण्यापासून करू या.