मनाच्या तपासणीसाठी मोकळे दार



गावात नेत्रतपासणीचे शिबिर भरले की सकाळपासून रांग लागते. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे सांगण्यास कोणासही संकोच वाटत नाही. परंतु झोप उडाली आहे, कामात मन लागत नाही, जगणे नकोसे झाले आहे, हे सांगण्यास माणूस धजत नाही. नैराश्य हा स्वभावदोष नसून उपचारांनी बरा होऊ शकणारा आजार आहे. तरीही तो घराच्या चार भिंतींतच दडून राहतो.

हा संकोच दूर व्हावा म्हणून अमेरिकेत १९९१ साली राष्ट्रीय नैराश्य तपासणी दिनास प्रारंभ झाला. ज्यास वाटेल त्याने यावे, प्रश्नावली भरावी आणि तज्ज्ञाशी बोलावे, अशी त्याची साधी पद्धत होती. आज अनेक ठिकाणी वापरली जाणारी एक प्रश्नावली अवघ्या ९ प्रश्नांची आहे. गेल्या दोन आठवड्यांतील झोप, भूक, थकवा, उत्साह यांविषयीच्या प्रत्येक उत्तरास ० ते ३ गुण असतात. एकूण २७ पैकी १० किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी आवश्यक समजली जाते. हे गुण म्हणजे निदान नव्हे. निदान तज्ज्ञानेच करावयाचे असते. नववा प्रश्न मृत्यूच्या वा स्वतःस इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर एकूण गुण कितीही असोत, त्या व्यक्तीशी त्याच दिवशी बोलणे अगत्याचे ठरते.

तपासणीमागे उपचारांची सोय नसेल, तर तिचा उपयोग नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी छोट्या बैठकांतून हा विषय बोलता केला आणि समुपदेशन व मानसोपचार गावाजवळ आणले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

यात अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांची जबाबदारी मोठी आहे. तपासणी ऐच्छिकच असावी. ती उद्दिष्टपूर्तीचा आकडा होऊ नये वा कोणत्याही योजनेच्या लाभाशी जोडली जाऊ नये. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये रुग्णास गोपनीयतेचा हक्क आहे. एक नाव चावडीवर पोहोचले, तर पुढच्या शिबिरास कोणी फिरकणार नाही. २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मात्र प्रत्येक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर अवश्य असावा.

फलकावर क्रमांक असावा, नाव नसावे. एवढा विश्वास गावाने दिला, तर मनाच्या तपासणीसाठीही माणूस आपण होऊन पुढे येईल.