संगणकाला न दिसणारी हार्ड डिस्क

बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क संगणकाला दिसेनाशी झाली म्हणजे तिच्यातील माहिती गेली, असे मानण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा माहिती जागच्या जागी असते, आणि ती खऱ्या अर्थाने नष्ट होते ती घाईने केलेल्या उपायांमुळे. उदाहरणार्थ, कर्नाटकातील काळी नदीवरील सुपा धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले, जुने सुपा गाव जलाशयाखाली गेले आणि तेथील अनेक कुटुंबे रामनगरला वसली. अशा घरांपैकी ज्यांनी जुन्या घरादारांची, देवळांची छायाचित्रे स्कॅन करून डिस्कवर ठेवली असतील, त्यांना ती नव्याने काढता येणार नाहीत, कारण ती जागाच उरलेली नाही. म्हणून डिस्क दुरुस्त करणे आणि माहिती वाचविणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि माहिती वाचविण्याचे काम नेहमी आधी करावयाचे असते.

तपासणीचा आरंभ विजेपासून करावा. खिशात मावणारी अडीच इंची डिस्क आपली सर्व वीज यूएसबी पोर्टमधून, म्हणजे केबल खोचण्याच्या खाचेतून घेते. जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर, तर ३.० मधून ९०० मिलिअँपिअर विद्युतप्रवाह मिळतो. परंतु डिस्कची मोटर फिरू लागते त्या क्षणी तिला सर्वाधिक वीज लागत असल्याने, दिवा लागूनही डिस्क मात्र फिरत नाही, असे घडते. एकाच पोर्टवर अनेक उपकरणे जोडणारा हब अशा वेळी काढून टाकावा, टेबलावरील संगणक असल्यास केबल त्याच्या मागील पोर्टमध्ये थेट जोडावी आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवावा. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा स्वतंत्र ॲडॉप्टर लागतो व तो क्षीण झाला तरी हेच लक्षण दिसते. केबल बदलून पाहणे सर्वांत स्वस्त, पण सर्वाधिक दुर्लक्षित. केवळ चार्जिंगसाठी बनविलेल्या केबलीत माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात, हेही ध्यानात असावे. सुपा धरण ज्या जोयडा तालुक्यात आहे, तेथील दीर्घ पावसाळ्यात दमट हवेने धातूच्या टोकांवर गंज चढतो, म्हणून डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे हिताचे.

एवढ्यानेही डिस्क दिसली नाही, तर विंडोजची कळ आणि एक्स ही कळ एकत्र दाबून येणाऱ्या यादीतील ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तेथे डिस्क असूनही तिला डी, ई असे अक्षर मिळालेले नसेल, तर ते नेमून देताच ती पुष्कळदा दिसू लागते. मात्र तेथे ‘रॉ’, म्हणजे फाइल सिस्टिम ओळखता आली नाही, असा शब्द आला, किंवा संगणक ‘फॉरमॅट’ अथवा ‘इनिशिअलाइझ’ करण्याची परवानगी मागू लागला, तर ती कदापि देऊ नये. फाइल सिस्टिम म्हणजे कोणती फाइल डिस्कच्या कोणत्या भागात आहे याची नोंदवही. ती फाटली असली तरी फाइली शाबूत असू शकतात, आणि फॉरमॅट केल्याने तिच्या जागी कोरी वही येते. शिवाय ॲपलच्या किंवा लिनक्सच्या संगणकावर तयार केलेली निर्दोष डिस्कसुद्धा विंडोजला पुष्कळदा वाचता येत नाही. तेव्हा ती मूळ कोणत्या संगणकावर वापरली जात होती, हे घरात विचारून घ्यावे.

डिस्कमधून ठरावीक अंतराने टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र सर्व प्रयोग तत्काळ थांबवावेत. माहिती वाचणारे टोक, ज्याला हेड म्हणतात, फिरत्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते. ते बिघडलेले असताना डिस्क चालू ठेवली तर तबकडी खरवडली जाते आणि मग तज्ज्ञाचाही इलाज उरत नाही. अशा डिस्कवर ‘चेकडिस्क’ ही दुरुस्तीची आज्ञाही चालवू नये, कारण ती डिस्कवर नव्या नोंदी लिहिते. कवच उघडून आतील डिस्क दुसरीकडे जोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु काही डिस्कांच्या कवचातील सर्किट माहिती सांकेतिक रूपात साठविते व त्या सर्किटाविना ती वाचता येत नाही. म्हणून दुकानात डिस्क नेताना कवच, केबल व ॲडॉप्टर सोबत न्यावेत, ‘फॉरमॅट करू नये’ असे कागदावर लिहून द्यावे आणि परत मिळालेली माहिती त्याच डिस्कवर न घेता दुसऱ्या डिस्कवर मागावी.