लेबलावरची बाई कोण?



गेल्या महिन्यात आमच्या गटात मसाल्याच्या लेबलावरून चांगलंच वाजलं. छापखान्यातून नमुना आला होता. त्यावर गोरीपान बाई, हातात पळी, केस मोकळे. आमच्या एक मावशी म्हणाल्या, "केस सोडून मसाला करते व्हय ही? पाकिटात केसच निघायचे." सगळ्या हसल्या. पण हात वर करायला सांगितलं, तर बहुतेक हात त्याच बाईसाठी. का? तर "दुकानातल्या पाकिटांवर अशीच असते."

माझं माहेर लालबागचं. उन्हाळ्यात तिथं डंकावर मसाला कुटायला रांगा लागायच्या. आई मिरची घ्यायची ती रंग बघून, वास घेऊन. चित्र बघून घ्यायची सवय आपल्याला पाकिटांनी लावली.

आणि चित्रं घरात आली कशी? राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वतीच्या रंगीत तसबिरी साध्या घरांच्याही भिंतींवर आल्या. मग कंपन्यांनी देवांचीच कॅलेंडरं काढली, खाली आपलं नाव टाकून. देवाला हात जोडताना रोज ते नावही डोळ्यांखालून जायचं. हुशारी म्हणायची!

वर्ष संपलं तरी देवाचं चित्र फेकवत नाही. आपण ते कापून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवतो. गिरगावात खेतवाडीत वाढलेल्या एका माणसाने असंच काहीसं केलं आणि ते थेट आर्ट गॅलरीत मांडलं. भूपेन खक्कर त्यांचं नाव. जन्म 1934चा, शिक्षण हिशेबनिसाचं, चार्टर्ड अकाउंटंट. 1962 साली ते बडोद्याला गेले. 1965 साली जहांगीर आर्ट गॅलरीत त्यांचं प्रदर्शन भरलं, त्यात बाजारात मिळणारी देवांची चित्रं कापून चिकटवलेली होती. (जहांगीरमध्ये जायला पैसे लागत नाहीत. तरी लालबागहून मी पहिल्यांदा तिथं गेले ती कॉलेजात असताना.)

तिकडे अमेरिकेत 1962 साली अँडी वॉरहॉलने सूपचे डबे रंगवले होते. एकाच कंपनीचे, 32 चवींचे 32 डबे. रोज दुकानात दिसणारी वस्तू भिंतीवर टांगली की माणूस थबकतो, हसतो, आणि मग नीट बघतो. याला पॉप आर्ट म्हणतात.

मला खक्करांची पुढची चित्रं जास्त आवडतात. 1972 सालची 'जनता वॉच रिपेअरिंग', 'डिलक्स टेलर्स'. नावं थेट दुकानाच्या पाटीसारखी. आणि चित्रात कोण? कुणी देखणा नट नाही, तर आपल्या कामाशी बसलेला साधा कारागीर.

हे मी बैठकीत सांगितलं आणि म्हटलं, लेबलावर आपल्यातलीच कुणी का नको? तर मावशीच म्हणाल्या, "उन्हानं रापलेलं माझं तोंड बघून कोण घेईल गं पाकीट?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. पैसे सगळ्यांचे घातलेत. माल पडून राहिला, तर माझ्या बोलण्याने हप्ता फिटणार नाही.

सध्या दोन नमुने भिंतीवर लावलेत. एकावर ती गोरी बाई, दुसऱ्यावर मिरच्या निवडणाऱ्या मावशींचा फोटो. सोमवारी ठरवायचं आहे. काल बघते तर गोऱ्या बाईच्या केसांची कुणीतरी पेनाने घट्ट वेणी घातली होती, कपाळावर कुंकूही लावलं होतं. मावशी कबूल होत नाहीत, पण निळी शाई त्यांच्या बोटांना होती.