खान्देशात आपले स्वागत



 निर्वासितांकडे पाहण्याची समाजाची नजर कशी बदलते, या विषयाची परिषद खान्देशात भरावी याचा मला विशेष आनंद आहे.

१९४७ च्या फाळणीत पंजाब आणि बंगालचा काही भाग भारतात राहिला. सिंध मात्र सबंध पाकिस्तानात गेला. तिथून आलेल्या सिंधी निर्वासितांना आपल्या भाषेचे राज्यच उरले नाही. अनेकांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवले, तिथे पुढे उल्हासनगर वसले. काही कुटुंबे आपल्याकडे आली. जळगावची सिंधी कॉलनी, धुळ्याचे कुमारनगर या त्यांच्याच वस्त्या.

त्यांना सगळ्यांनी मोकळ्या मनाने सामावून घेतले, असे मी म्हणणार नाही. थोड्या नफ्यावर माल विकून हे भाव पाडतात, अशी तक्रार होती. भाषा वेगळी, खाणेपिणे वेगळे. घर भाड्याने देताना लोक मागेपुढे पाहत.

मग मने वळली कशी? माझ्या मते लग्नाच्या बस्त्याचा यात फार मोठा वाटा आहे. लग्न ठरले की खेड्यावरची दहाबारा माणसे कापड दुकानाच्या गादीवर बसतात. नवरीचा शालू, मानाच्या साड्या, व्याह्यांचे टॉवेल-टोपी, घड्यांवर घड्या मोडतात. सिंधी दुकानदार ‘कसं शे भाऊ?’ म्हणत चहा मागवतो, घासाघीस होते, आणि कापूस विकला गेला नसेल तर बाकी वहीत मांडली जाते. नुसत्या शब्दावर बस्ता देणाऱ्याला गाव परका कसा म्हणेल? १९६७ साली सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. आमच्या बाजारात ती त्याआधीच रुळली होती.

पण हे वळण पूर्ण झालेले नाही. सिंधमधून पुढेही कुटुंबे येत राहिली. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचा लाभ ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच आहे. नंतर आलेल्यांचा भरवसा दीर्घ मुदतीच्या व्हिसावर. दोन देशांत तणाव वाढला की त्यांच्याकडे पुन्हा संशयाने पाहिले जाते. ज्या जळगाव शहराने एकदा माणसे आपली केली, त्याने ही नजर टाकून द्यायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

अभ्यासकांना माझी एक विनंती आहे. फाळणी पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. चर्चासत्रांतून वेळ काढून सिंधी कॉलनीत चला, त्यांच्या आठवणी टिपून घ्या. आणि त्यांना घर देणाऱ्या, नाकारणाऱ्या खान्देशी कुटुंबांनाही विचारा. सोबतीला आमच्या स्वागत समितीचे कार्यकर्ते तयार आहेत.