मुलांना जैन धर्म कसा सांगावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या शेजारच्या काही भगिनींनी मला विचारले, "स्थानकातल्या महाराजसाहेबांच्या तोंडाला पट्टी का, असे मुले विचारतात. काय सांगावे?" नातवंडांना मी जे सांगते, तेच आज आपल्यापुढे ठेवते.

मुलांना आधी तत्त्वज्ञान सांगू नये. डोळ्यांना दिसते ते समजावून द्यावे. ती पट्टी म्हणजे मुहपत्ती. बोलताना हवेतल्या बारीक जीवांना इजा होऊ नये म्हणून ती बांधतात. मूर्तिपूजक पंथाचे साधू ती हातात धरतात. बसण्यापूर्वी जागा हळूच झाडायची, ती ओघ्याने. आपण पाणी गाळतो, दिवस मावळण्यापूर्वी जेवतो, तेही जीव जपण्यासाठीच. एवढे कळले की अहिंसा हा शब्द मुलांना जड वाटत नाही. मग खरे बोलावे, न दिलेले घेऊ नये, संयमाने राहावे, गरजेपेक्षा अधिक साठवू नये, हेही ओघाने सांगता येते.

नंतर गोष्ट सांगावी. राजपुत्र वर्धमानांनी तिसाव्या वर्षी घर सोडले, बारा वर्षे कठोर साधना केली आणि ते महावीर झाले. ते चोविसावे तीर्थंकर. आपल्या जिल्ह्यातलीही एक गोष्ट आहे. पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीस १९०० साली नेमीचंद नावाचा मुलगा जन्मला. १९१३ साली, तेराव्या वर्षी, त्याने मिरी येथे दीक्षा घेतली. तेच आचार्य आनंदऋषीजी. १९६४ साली ते श्रमण संघाचे आचार्य झाले. १९९२ साली नगरला त्यांचे देहावसान झाले.

पण भगिनींनो, गोष्टी सांगून भागत नाही, हे मला माझ्या सात वर्षांच्या नातवाने शिकविले. पर्युषणाचा शेवटचा दिवस म्हणजे संवत्सरी. वर्षभरात कळत नकळत दुखावलेल्यांची त्या दिवशी "मिच्छामि दुक्कडम्" म्हणून क्षमा मागावयाची. गेल्या संवत्सरीला मी सकाळपासून नातेवाइकांना फोन करीत होते. नातू जवळ येऊन म्हणाला, "आजी, मावशींना म्हणालीस का?"

आदल्याच आठवड्यात कपबशी फुटली म्हणून भांडी घासणाऱ्या मावशींना मी पाहुण्यांदेखत नको नको ते बोलले होते. दूरदूरच्या माणसांची क्षमा मागत होते, आणि जिला खरोखर दुखावले ती माझ्याच मोरीत बसली होती! पाणी रोज गाळीत होते. शब्द मात्र गाळले नव्हते.

मी उठले, हात जोडले. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांचे हात तेवढे थांबले. नातू दारात उभा राहून पाहत होता. त्या दिवशी तो जे शिकला, ते माझ्या साऱ्या गोष्टींनी त्याला शिकविले नसते.

म्हणून माझी एकच विनंती आहे. मुले आपले ऐकतात थोडे आणि पाहतात फार. आपले घर जैन असो वा नसो, वर्षातून एकदा तरी मुलांसमोर, आपल्यापेक्षा लहान मानलेल्या माणसाची क्षमा मागून पाहावी.